चार नंबरची मऊ जागा

नमुना चार : तळ-साक्षीपत्र
(विस्थापित क्रीडा संघांसाठी. प्रत्येक सामन्यापूर्वी नव्याने भरणे.)

प्रश्न १. मूळ तळ कोठे होता? त्याची सद्यःस्थिती लिहा.

मूळ तळ सांगलीत होता. सद्यःस्थिती : तळलेला पापड.

आप्पासो मगदुमांनी फॉर्मवर आधी असंच लिहिलं होतं. मग खाली विद्यापीठाचा शिक्का दिसला आणि त्यांनी 'पापड' खोडून 'नादुरुस्त' लिहिलं. पण पापड हेच खरं होतं. २०४३ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी कृष्णातीर महाविद्यालयाच्या हॉलमध्ये शिरलं, सहा दिवस मुक्काम ठोकून बसलं आणि सातव्या दिवशी पाय निघत नसलेल्या पाहुण्यासारखं सावकाश गेलं. मागं उरला गुडघाभर गाळ, नेटच्या खांबाला अडकलेली कुणाची तरी हिरवी बादली, आणि व्हॉलीबॉलचं लाकडी कोर्ट. त्याच्या फळ्या फुगून, वाकून जागोजागी उभ्या राहिल्या होत्या.

आप्पासो या कोर्टाचे राखणदार. कागदोपत्री 'मैदान सेवक'. सतरा वर्षांपूर्वी हे कोर्ट त्यांच्या डोळ्यांदेखत घातलं गेलं. तेव्हापासून ते पुसणं, नेट ताणणं आणि बूट घालून आलेल्या प्राचार्यांना बाहेर काढणं त्यांच्याकडं. ऑक्टोबरअखेर ते निवृत्त होणार होते.

पाणी ओसरल्यावर गमबूट घालून ते आत शिरले आणि सरळ नदीकडच्या अर्ध्या भागात गेले, नेटला लागून डावीकडं. व्हॉलीबॉलमध्ये एका बाजूला सहा जणी, सहा जागा; ही चार नंबरची. बहुतेक स्मॅश इथूनच मारले जातात. तिथली फळी सुटून बाजूला पडली होती. खालच्या आडव्या लाकडाला पांढऱ्या रबराचा एक तुकडा चिकटला होता. त्याला एक भोक होतं आणि भोकात निळ्या पट्ट्याचं टोक.

आप्पासोंनी इकडंतिकडं पाहिलं, तुकडा ओढून काढला आणि पँटच्या खिशात घातला.

प्रश्न २. पर्यायी तळ कोणत्या पद्धतीने उभारण्यात आला?

हे पुण्याच्या लेले मॅडमनी भरलं. गार्गी लेले, वय अठ्ठावीस, कंपनीची इंजिनियर, गळ्यात नेहमी टॅब लटकलेला. तिनं लिहिलेलं कुणालाच कळलं नाही म्हणून तिनं आप्पासोंना तोंडी सांगितलं. ते मात्र कळलं.

जुन्या कोर्टाखाली मसुराच्या दाण्याएवढे संवेदक होते, वीत-वीत अंतरावर. फार पूर्वी कुणी तरी मुलींच्या गुडघ्यांच्या दुखण्यावर संशोधन काढलं होतं, त्यातले ते. पाऊल पडलं की दोन आकडे नोंदले जायचे : पावलानं फरशीला किती जोर दिला, आणि फरशीनं त्यातला किती परत केला. लाकडी कोर्ट स्प्रिंगसारखं असतं. दाबलं की किंचित दबतं, आणि उडी मारणाऱ्याला परत वर ढकलतं. संशोधन दोन वर्षांत आटोपलं. त्यांना फक्त गुडघ्यांची सरासरी हवी होती, फरशीची विचारपूस कुणी केली नाही. आणि संवेदक बंद करायचंही कुणाला सुचलं नाही. सतरा वर्षांत चार कोटी पावलं साठली. लाकूड पाण्यात गेलं, पण पावलं पुण्यातल्या कुठल्याशा यंत्रात कोरडी होती.

आता नवी फरशी. तळहाताएवढ्या चौकोनी पेट्या, एका कोर्टाला सोळा हजार. पेटीत तेल, तेलात पिठासारखी लोखंडाची भुकटी, खाली तारेचं वेटोळं. वीज सोडली की चुंबक तयार होतो, भुकटीचे कण रांगेत उभे राहतात आणि पातळ तेल क्षणात श्रीखंडासारखं घट्ट होतं. वीज कमी-जास्त करायची, की पेटी रबराइतकी मऊ किंवा दगडाइतकी कडक. चार कोटी पावलांचा हिशेब करून यंत्र प्रत्येक पेटीला सांगतं : तू सांगलीच्या अमुक फळीसारखी वाग.

"म्हणजे तुमचं कोर्ट परत उभं राहणार, आप्पा," लेले म्हणाली. "फक्त डोळ्यांना नाही दिसणार. पायांना कळेल."

"मेलेल्याला उठवतासा म्हणा की."

"मेलेल्याची चाल उठवतो."

दर पावसाळ्यात कुठलं ना कुठलं कॉलेज पाण्याखाली जायला लागल्यापासून विद्यापीठानं नियमच केला होता. बेघर संघानं दुसऱ्याच्या हॉलमध्ये आपल्या घरचा तळ उभारावा. अट एकच. त्या तळावर ज्याचं आयुष्य गेलं अशा माणसानं त्यावर चालून बघायचं आणि 'होय, हाच' म्हणून सही करायची. नुसत्या आकड्यांवर भागेल असं लेलेला वाटत होतं. विद्यापीठाला तसं वाटत नव्हतं.

प्रश्न ३. यजमान संस्थेचे नाव.

डोंगरमाळ महाविद्यालय, जत. सांगलीपासून दोन तास, दुष्काळी पट्टा. पेट्या बसवलेला आणि पुराच्या पाण्यानं कधीच तोंड न दाखवलेला हॉल आसपास तेवढा एकच. कृष्णातीरचे तीन घरचे सामने तिथं व्हायचे ठरले. त्यातला शेवटचा, म्हणजे विभागाचा विजेता ठरवणारा, खुद्द जतच्या मुलींशीच.

दारात जतच्या प्रशिक्षक उभ्या होत्या. वहिदा मुजावर, छत्तीस वर्षांच्या, उंच, गळ्यात शिट्टी.

"या आप्पा. आमच्या तीन पिढ्या तुमच्याकडं पाणी मागत आल्या. तुम्ही एकदाच कोरडी जमीन मागितलीत, नाही कसं म्हणू?"

"पाणी पायजे असंल तर अजून हाय ओ आमच्यात. टँकर भरून देतो."

"राहू दे, गाळ नको. बरं, शेवटच्या सामन्याला आम्ही आमच्याच घरात पाहुण्या. मग चहा कुणी पाजायचा?"

"तुमीच पाजा. साखर तुमच्याकडं हाय."

चहा झाला. वहिदानं लेलेच्या पेट्यांकडं हात केला. "म्हणजे हे सांगलीचं कोर्ट? मी खेळलेय यावर. एकदाच. सत्तावीस सालची फायनल."

आप्पासोंनी रिकामी बशी पुन्हा तोंडाला लावली.

"पाचवा सेट, तेरा-तेरा," वहिदा सांगत होती, गमतीतच, पुष्कळदा सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट सांगावी तशी. "मी चार नंबरला. दोनदा मला मारायला चेंडूची लिफ्ट मिळाली, अगदी ताटात वाढल्यासारखी. दोनदा उडाले आणि दोनदा नेटमध्ये. पाय उठलेच नाहीत. आमचे सर म्हणाले, पोरगी भ्याली. आणि भ्यालेच असणार, नाही तर काय? दिवसभर उडत होते, तिथंच कसे पाय गळाले? पुढं राज्याच्या निवडीला बोलावलं होतं, गेले नाही. म्हटलं, आपले पाय ऐन वेळी दगा देणारे. दुसऱ्यांना शिकवू." तिनं कप खाली ठेवला. "म्हणून माझ्या पोरींना रोज दोनशे उड्या असतात. भीती मोडायला."

आप्पासो कप-बशी बाजूला ठेवून उठले. मग अनवाणी झाले आणि डोळे मिटून नव्या फरशीवर चालू लागले. त्यांना चालूनच बघायचं होतं.

डोळे मिटले आणि ते सांगलीत होते. सर्व्हिस रेषेजवळची ती ताठर फळी. मधल्या रेषेवरचा तो अगदी हलका उतार, जो फक्त पोछा मारणाऱ्यालाच ठाऊक. मेलेलं माणूस दारातून आत यावं आणि त्याच्या चपलांचा आवाज ओळखू यावा, तसं झालं त्यांना. चालत चालत ते नेटच्या डावीकडं आले आणि पाऊल नखभर आत गेलं.

त्यांनी डोळे उघडले.

प्रश्न ४. तळात दोष आहेत काय? असल्यास ठेवायचे की काढायचे?

"तुम्हालाही लागली ना?" लेले टॅब घेऊन आली. पडद्यावर कोर्ट पिवळं होतं आणि चार नंबरला एक निळा डाग. "हातभर लांब, वीतभर रुंद. बाकीची फरशी शंभर परत देते तिथे ही ऐंशी देते. उडी दोन-तीन बोटं कमी पडेल. काढायची तर मला एक बटण दाबायचंय."

कृष्णातीरचे प्रशिक्षक कुंभोजकर सर शेजारीच उभे होते. ते चटकन म्हणाले, "मूळची आहे ना ती? मग राहील. नियमात आहे. मुळाप्रमाणे."

कुंभोजकरांना मऊ जागेचं कारण माहीत नव्हतं, फायदा माहीत होता. कृष्णातीरच्या प्रत्येक नव्या मुलीला आप्पासो पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन सांगायचे, "नदीकडं असताना चार नंबरनं वीतभर मागनं उडायचं." मुली त्याला 'आप्पांची वीत' म्हणायच्या. पाहुण्या संघाला कुणी वीत सांगत नव्हतं.

आप्पासोंनी लिहिलं : दोष नाही. मुळाप्रमाणे. खाली सही.

पहिला सामना कऱ्हाडच्या मुलींशी. तिसऱ्या सेटमध्ये त्यांची स्मॅश मारणारी शूटर नदीकडच्या बाजूला आली, चार नंबरवरून उडाली आणि चेंडू नेटमध्ये. जतला नदी नव्हती, पण मुली त्या बाजूला अजून नदीकडचीच म्हणत होत्या. कऱ्हाडची पोरगी खाली उतरली आणि तिनं आपल्या बुटाकडं पाहिलं.

ते पाहणं आप्पासोंच्या ओळखीचं होतं. सतरा वर्षं ते कोपऱ्यातल्या खुर्चीवरून ते बघत आले होते आणि मनातल्या मनात हसत आले होते. पायाकडं बघायचं, मग तळव्याकडं, मग मान खाली. फरशीकडं कुणीच बघत नाही. चूक आपलीच असणार असं सगळ्यांना वाटतं.

या वेळी हसू आलं नाही. सांगलीत ती जागा होऊन गेलेली होती. लाकडाखाली गाडलेली, कुणाच्या हातात नसलेली. इथं मात्र लेलेचं यंत्र सेकंदाला हजार वेळा त्या आठ-दहा पेट्यांची वीज मुद्दाम उतरवून धरत होतं, आणि ते धरा म्हणून खाली आप्पासो मगदुमांची सही होती.

सामना कृष्णातीरनं जिंकला. दुसराही जिंकला.

दुसऱ्या फॉर्मवरही त्यांनी 'दोष नाही' लिहिलं. फक्त अक्षर जरा बारीक आलं.

प्रश्न ५. दोषाचे कारण (माहीत असल्यास).

सांगलीतल्या घरी पद्माक्का पुरातले कपडे अजून धूत होत्या. तीन पाण्यांतून काढले तरी वास जात नव्हता. नवऱ्याची पँट उलटी केली तर खिशातून रबराचा तुकडा पडला. त्यांनी तो उचलला, उलटापालटा केला, निळ्या पट्ट्याचं टोक निरखलं.

"अहो, हिकडं या जरा."

आप्पासो आले.

"ही माझी चप्पल हाय."

खोटं बोलायला जागाच नव्हती. आप्पासो पायरीवर बसले आणि सतरा वर्षांनी पहिल्यांदा बोलले. कोर्ट घालायचं काम चाललेलं. फळ्यांखाली रबराच्या गाद्या लागतात, त्या दोन कमी पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन, मंत्री येणार, ठेकेदाराचा फोन बंद. आप्पासो सायकलवर घरी आले आणि दारातली पहिली दिसली ती चप्पल घेऊन गेले. कापली, कोंबली, वर फळी ठोकली. दोन-चार दिवसांत खऱ्या गाद्या आणून बदलू म्हणाले. मग कोर्टाचं कौतुक झालं, पेपरात फोटो आला, आणि बदलायचं म्हणजे सांगायचं आलं.

पद्माक्का सगळं ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे कुत्रं नव्हतं?"

"न्हाई."

"मोत्यानं चप्पल पळवली म्हणून सांगितलासा मला. त्याला मी दोन दिवस भाकरी टाकली न्हाई."

"मी टाकत होतो मागल्या दारानं."

"तरी बी. मरंस्तोवर त्याच्याकडं वाकड्या नजरेनं बघितलं मी. चप्पल आत घे, मोत्या आलाय, असं म्हणायची." त्यांनी तुकडा पिळलेल्या धोतरावर ठेवला. "बिचारं ते पण शेपूट घालून बसायचं. त्याला वाटत असंल, घेतली बी असंल आपण."

आप्पासोंना हसायला आलं आणि मधेच थांबलं. मग त्यांनी वहिदाचं सांगितलं. पाचवा सेट, तेरा-तेरा, दोन उड्या.

पद्माक्कांनी पँट झटकली आणि दोरीवर टाकली.

"मोत्याला विचारता आलं न्हाई," त्या म्हणाल्या. "ती तर बोलती पोरगी हाय. दोन तासाचा रस्ता. जावा."

प्रश्न ६. सदर दोषामुळे कोणाचे नुकसान झाले आहे काय?

"सत्तावीस साल, जानेवारी, फायनल," आप्पासो लेलेला म्हणाले. तिसऱ्या सामन्याला तीन तास होते. "पाचव्या सेटातल्या चार नंबरच्या उड्या काढून दाखवा."

"कशासाठी?"

"आदी काढा की."

लेलेनं काढल्या. संवेदकांना नावं ठाऊक नसतात, पण वजन, पावलांतलं अंतर, उडायच्या आधीची तीन पावलं यांवरून यंत्र माणूस ओळखतं. त्या दिवशी जतच्या चार नंबरच्या मुलीनं एकंदर एकोणसाठ उड्या मारल्या होत्या. एकोणसाठ ओळी. दोन-दोन आकडे. लेले बोट फिरवत खाली आली आणि शेवटच्या दोन ओळींवर थांबली.

"हे बघा. आधीच्या सत्तावन्न उड्यांत तिने दिलेला जोर आणि या दोन्हींतला जोर, सारखाच आहे. उलट किंचित जास्तच. फक्त आधी तिचं पाऊल त्या डागावर कधी पडलंच नव्हतं." तिनं बोट दुसऱ्या आकड्यावर नेलं. मग म्हणाली, "परत मिळालं कमी."

आप्पासोंनी विचारलं, "हे कागदावर निघतं?"

निघालं. तो कागद आणि रबराचा तुकडा घेऊन ते वहिदाकडं गेले. ती नेट ताणत होती. त्यांनी दुसरं टोक धरलं, कारण नेट ताणताना हात रिकामे ठेवणं त्यांना जमत नसे, आणि दोरी ओढता ओढता सगळं सांगितलं. गाद्या, चप्पल, फळी. वीत. फक्त आपल्याच मुलींना सांगितलेली वीत.

वहिदानं कागद घेतला. एकोणसाठ ओळी वाचायला बराच वेळ लागतो. तिनं सगळ्या वाचल्या.

"जोर तेवढाच आहे," ती म्हणाली.

"जास्तच हाय वाईच. लेलेबाई म्हणाल्या."

"म्हणजे भ्याले नव्हते मी."

"न्हाई, बाई. तुमचं पाय खोटं न्हवतं. माझी फरशी खोटी होती."

ती काय करेल याची आप्पासोंनी येताना एसटीत पुष्कळ तयारी केली होती. ओरडेल, रडेल, विद्यापीठाला फोन लावेल. वहिदानं शिट्टी काढून त्यांच्या हातात दिली, बूट काढले, आणि चार नंबरला जाऊन तीन पावलं मागं उभी राहिली. मग धावली आणि त्या डागावरून उडाली. हात नेटच्या पट्टीवर आपटला. ती उतरली. मग मागं गेली, एक वीत मोजली, पुन्हा धावली, उडाली. हात पट्टीला न शिवता वरून गेला.

छत्तिसाव्या वर्षी तिला खाली उतरताना जरा लंगडायला झालं. कंबरेवर हात ठेवून ती हसत सुटली.

"आप्पा! सोळा वर्षं ओ! मी पोरींना रोज दोनशे उड्या मारायला लावल्या, भीती मोडायची म्हणून!"

"लावायला नको होत्या?"

"लावायला नको होत्या कशा? त्यांच्यासारखी उडणारी टीम विद्यापीठात नाही दुसरी." तिनं डोळे पुसले. "पण राग आलाय बरं का मला तुमचा. चांगलाच आलाय. तो नंतर काढीन, आत्ता मॅच आहे."

"काढा. मी म्हैनाअखेरपर्यंत हाय."

प्रश्न ७. दोष ठेवायचा की काढायचा, याबाबत दोन्ही प्रशिक्षकांचे मत.

कुंभोजकर सर : "निवृत्तीच्या तोंडावर हरिश्चंद्र झालात होय, आप्पा? सतरा वर्षं दम धरलात, अजून तीन तास धरवला नाही? आता काय, ती काढायची म्हणता? आमच्या मुलींच्या पायांना वीत बसलीय, त्या मागूनच उडणार, आणि यांच्या मुली पुढून. घरच्या कोर्टावर आम्हीच परके!"

कृष्णातीरची कर्णधार जुई (तिचं मत फॉर्ममध्ये मागितलेलं नव्हतं) : "सर, दोन मॅच जिंकलो त्या वितीनं जिंकलो की आम्ही जिंकलो? मला तेच कळेना झालंय. आप्पा, तुम्ही आधी का नाही सांगितलंत, आम्हाला वाटायचं तुमचा काही तरी नवस आहे."

वहिदा मुजावर : "काढायची नाही."

सगळे तिच्याकडं पाहू लागले.

"काढलीत तर ती कधी नव्हतीच असं होईल. राहू दे आहे तिथं. फक्त दिसू दे सगळ्यांना."

लेलेनं पिवळी चिकटपट्टी काढली. आप्पासो गुडघ्यांवर बसले आणि हातभर लांब, वीतभर रुंद चौकट आखली. पट्टी ओढताना सरकली म्हणून एक कोपरा वाकडा आला. तो तसाच ठेवला. मग त्यांनी दोन्ही संघांना भोवती उभं केलं, वीत काढून दाखवली आणि जतच्या मुलींना तेच वाक्य सांगितलं जे त्यांनी सतरा वर्षं फक्त आपल्याच मुलींना सांगितलं होतं. सांगताना त्यांना उगीचच मोकळं वाटलं, बूट काढल्यावर पायांना वाटतं तसं.

जतची शिवलीला, काटक, बोलायला तिखट, चौकटीत उभी राहून वरखाली दबून बघत होती. "आप्पा, इथनं उडायचंच न्हाई असा नियम हाय का?"

"नियम कसला. उडी कमी पडती म्हणून सांगितलं."

"कमी पडती," ती म्हणाली, "आणि उशिरा बी पडती."

प्रश्न ८. शेरा.

शेवटच्या सामन्याचा शेवटचा सेट. जत चौदा, कृष्णातीर तेरा. जतच्या मुली नदीकडच्या बाजूला. प्रेक्षकांत पद्माक्का सकाळच्या एसटीनं येऊन पुढच्या बाकावर बसलेल्या, डबा मांडीवर.

सामनाभर दोन्ही संघ त्या पिवळ्या चौकटीला वळसा घालून खेळत होते, अंगणात रांगोळी असल्यासारखे. वीत आता सगळ्यांची होती आणि म्हणून कुणाचीच नव्हती. सेट दोन-दोन झाले ते नुसत्या खेळावर. आप्पासो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं लक्ष चार नंबरवर नव्हतं. चेंडूवर होतं.

चेंडूची लिफ्ट उंच आली. शिवलीला धावली. तीन पावलं. आप्पासोंना वाटलं ती वीतभर मागं थांबेल. पलीकडून जुई आणि तिच्या शेजारची, दोघी हाताला हात लावून चेंडू अडवायला, ब्लॉकसाठी, उडाल्या, अगदी वेळेवर.

शिवलीलानं पाऊल चौकटीच्या बरोब्बर मधोमध टाकलं.

फरशी दबली. देताना तिनं थोडं हातचं राखलं आणि किंचित उशीर केला, जशी ती सतरा वर्षं करत आली होती. शिवलीला वर आली ती कमी आणि मागाहून. तेवढ्या वेळात ब्लॉकचे चार हात वर जाऊन खाली यायला लागले होते. जुईनं उतरता उतरता तिला वर येताना पाहिलं. दोघी जणी जिन्यात भेटाव्यात तशा हवेत भेटल्या, एक खाली जाणारी, एक वर येणारी. शिवलीलानं चेंडू मोकळ्या झालेल्या पट्टीवरून अलगद पलीकडं घातला.

पंधरा-तेरा.

पहिली टाळी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आली. कुंभोजकर सरांनी वळून आप्पासोंकडं असं पाहिलं की दुसऱ्या कुणाचे हात तिथंच थांबले असते. आप्पासो उभे राहून वाजवू लागले.

जुई घामानं निथळत त्यांच्याकडं आली. रडायचं की भांडायचं हे तिचं ठरत नव्हतं. "आप्पा, हे आम्हाला का नाही शिकवलं कधी?"

"मला कुटं ठाऊक होतं?" आप्पासो खरं तेच म्हणाले. "मी सतरा वर्षं झाकायच्या नादात. तिचा काही उपयोग असंल असं कधी वाटलंच न्हाई."

"पुढच्या वर्षी शिकवा."

"पुढच्या वर्षी मी नसतो, बाळ."

"मग शिवलीलाकडून शिकते," जुई म्हणाली आणि नेटखालून वाकून पलीकडं गेली.

वहिदाच्या पोरींनी तिला उचलून धरलं होतं. खाली उतरल्यावर ती आली. तिच्या हातात अजून तो रबराचा तुकडा होता. सामनाभर तिनं तो मुठीत धरला होता. "हा ठेवते मी," ती म्हणाली. "ट्रॉफीच्या कपाटात."

पुढच्या बाकावरून पद्माक्का उठल्या. "ओ बाई, ती माझी चप्पल हाय!"

सगळे वळले. वहिदानं तुकडा दोन्ही हातांनी पुढं केला. "घ्या मग, काकू."

पद्माक्कांनी घेतला. निळ्या पट्ट्याच्या टोकावरून एकदा अंगठा फिरवला आणि परत वहिदाच्या हातावर ठेवला. "र्‍हाऊ दे. एका पायाची काय करू? आणि यांनी घ्यायच्या हायत मला नव्या, आजच. हितल्या बाजारात."

रात्र व्हायच्या आत सांगलीची एसटी गाठायची होती, म्हणून आप्पासोंनी फॉर्म तिथंच टेबलावर पुरा केला. वाकड्या कोपऱ्याची पट्टी अजून फरशीवर होती. लेले बटणावर बोट ठेवून त्यांच्या होकाराची वाट बघत होती. बोट दाबलं की सांगलीचं कोर्ट विरघळून जतचं होणार होतं. सांगलीत नवा हॉल उभा राहील तेव्हा हेच आकडे तिथं जातील, असं ती म्हणाली होती. शेऱ्याच्या चौकटीपुढं लिहिलं होतं : साक्षीदाराची शिफारस.

आप्पासोंनी ठळक, मोठ्या अक्षरांत लिहिलं :

*चार नंबरची जागा मऊ आहे. कारण माझी चूक. काढू नये. दाखवून ठेवावी.*

सही केली, तारीख घातली, आणि लेलेला मान हलवून होकार द्यायच्या आधी चपला काढून एकदा त्या चौकटीत उभे राहिले.